राखेतला ओला कोपरा

आमच्या सोलापूरकडे वळवाच्या पावसाला कुणी भीत नाही. वैशाखातल्या तापल्या दुपारी क्षितिजावर काळी रेघ उमटली, की अंगणातली वाळवणं आत ओढता ओढता बायका हसतात. नांगरलेल्या रानातली ढेकळं फुटतील म्हणून शेतकरी मनातून सुखावतो आणि मातीच्या वासानं सगळं गाव घटकाभर मवाळ होतं. मी या पावसाला जन्मभर लाडका, लहरी पाहुणा मानत आले. वर्गात कविता शिकवताना त्याच्याविषयी कितीतरी गोड बोललेही असेन. तोच पाऊस या उन्हाळ्यात मी घाटाखाली, बदलापूरच्या पलीकडच्या एका शेतावर येताना पाहिला. परत आल्यापासून त्याच्याविषयी पूर्वीसारखं बोलता येत नाही.

बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा गावात माझी आत्येबहीण शकूताई राहते. तिचे वडील सोलापूर सोडून अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात नोकरीला आले. ती तिथेच वाढली आणि पुढे या गावातल्या, भातशेती करणाऱ्या घरात दिली गेली. तिचे यजमान, आमचे दाजी, गेल्या हिवाळ्यात वारले. तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये होता आणि मला जाता आलं नाही. दर उन्हाळ्यात दाजींचा फोन यायचा आणि ते म्हणायचे, "बाई, तुम्ही पानाफुलांवर इतकं बोलता, एकदा पानं जळताना बघायला या. राब लावायच्या दिवसांत या." मी दर वर्षी हो म्हणत असे आणि दर वर्षी परीक्षेचे पेपर आडवे येत. यंदा गेले, तेव्हा बोलावणारा माणूस नव्हता.

घाट न उतरलेल्या वाचकाला राब म्हणजे काय ते सांगायला हवं. भाताची रोपं ज्या तुकड्यात वाढवायची, तो तुकडा पावसाळ्याआधी भाजून घेतात. आधी शेण पसरायचं, त्यावर ऐनाच्या, सागाच्या वाळल्या डहाळ्या, त्यावर पातेरा, म्हणजे झडलेला पाला, त्यावर गवत आणि सगळ्यांत वर चाळल्यासारख्या बारीक मातीचा थर. पेटवायचं ते वारा जिकडे जातो त्या टोकाकडून, म्हणजे आग पळत सुटत नाही. वाऱ्याला तोंड देत, कुरकुरत ती वीत वीत पुढे सरकते. तण जळतं, किडे जळतात, राख उरते आणि त्या राखेत पेरलेलं बी गर्द हिरवं उगवतं. न भाजलेल्या जमिनीतलं रोप पिवळं पडतं. हे सारं मला दाजींनी फोनवर सांगितलेलं. पाहिलेलं काहीच नव्हतं.

उल्हासनगर, कॅम्प दोन

सोलापूरहून येणारी गाडी आधी बदलापूर मागे टाकते, मग अंबरनाथ, मग उल्हासनगर, आणि कल्याणला सोडते. जिथे जायचं ते सारं खिडकीतून पाहून घ्यायचं आणि मग उलट फिरायचं, अशी ही वाट. कल्याणहून रिक्षा शहाडच्या पुलावरून कॅम्प दोनमध्ये शिरली तेव्हा सकाळच होती, पण अंगाला कापड चिकटायला लागलं होतं. आमच्याकडचं ऊन भाजतं. इथलं ऊन शिजवतं. हवेला वजन असतं, आणि त्या वजनात कापडाच्या खळीचा, तळणाच्या तेलाचा, गटाराचा आणि अगरबत्तीचा वास एकमेकांना धरून उभा असतो.

मला साडी घ्यायची होती. दुखवटा काढायला माहेरच्या माणसानं साडी न्यावी लागते, आणि शकूताईनं फोनवर बजावलं होतं की ती कॅम्पातूनच घे, सुती आणि फिकट. तुमच्याकडचं जाड कापड इथल्या हवेत अंगावर ठरत नाही, असं तिचं म्हणणं. बाजारातल्या अरुंद गल्लीतलं जे दुकान निवडलं त्याचे सिंधी मालक पन्नाशीचे, जाडजूड आणि हसतमुख होते. माझ्या हातातली पिशवी आणि कपाळावरचा घाम पाहून त्यांनी साड्यांना हातच लावला नाही. म्हणाले, "दीदी, पहले पापड-पानी, फिर साडी." आमच्याकडे उन्हातून आलेल्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात. इथे भाजलेला मिरीचा पापड आणि पाण्याचा पेला. पापडाचा तिखट खार जिभेवर फुटला, त्यावर पाणी गेलं आणि गेलेलं त्राण परत आलं. गुळापेक्षा ही रीत या हवेला अधिक शोभते, हे मला मान्य करावं लागलं.

पापड घरचेच होते. दुकानावरच्या मजल्यावर त्यांची आई ते लाटते. मी कौतुक केलं म्हणून मला वर नेलं. गच्चीवर रिकाम्या खाटा उभ्या करून ठेवलेल्या आणि म्हातारी सावलीत हातावर हात ठेवून बसलेली. आज वाळवण नाही का, असं विचारलं तर तिनं हवेत बोटं चोळून दाखवली. "हवा में पानी है, बेटी. पापड पसीना छोड़ता है." मुलगा मोबाइलमध्ये पाहून सांगू लागला, की शनिवारी वादळ दाखवतंय, विजा, पाऊस, आणि त्यानंतर दोन दिवस उत्तरेकडून थंड, कोरडी हवा. म्हातारीनं समाधानानं मान हलवली. कोरडी हवा आली की मगच खाटा टाकणार, तोवर ती थांबणार होती. तिचं थांबणं मला तेव्हा फार सुंदर वाटलं. सगळ्याच थांबण्यांचं असं होत नाही, हे पुढे कळायचं होतं.

साडी घेतली. फिकट राखाडी, काठाला बारीक जांभळी रेघ.

अंबरनाथ

शकूताईचा मुलगा दिनेश अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो आणि तिथेच बायकोसह राहतो. जेवण त्याच्याकडेच झालं. ते उरकल्यावर, मावशीला काहीतरी दाखवायला हवं म्हणून तो मला शिवमंदिरात घेऊन गेला. काळ्या दगडाचं ते प्राचीन देऊळ वालधुनीच्या काठावर इतकं खोलगट उभं आहे, की गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. आत दगडाचा गारवा, बेलाचा ओला वास. आणि बाहेर आलं की नदीवरून येणारा कडवट, धातूसारखा दर्प. नऊ शतकांहून जुन्या नर्तकी भिंतीवर उभ्या आहेत, त्यांची नाकं झिजली आहेत. बरंच झालं, असं दिनेश म्हणाला आणि स्वतःच हसला.

मंदिरामागच्या कट्ट्यावर बसल्यावर मात्र तो हसेनासा झाला. दाजी त्याला लहानपणापासून राबाला नेत, पण काडी कधी लावू दिली नाही. वारा ओळखता आला की लावशील, म्हणत. आणि त्या गावात अशी रीत आहे, की घरातला कर्ता गेला तर पहिल्या वर्षीचा राब मुलानं लावायचा, बांधावर नारळ फोडून. आईनं सगळा थर रचून ठेवला होता. फक्त त्याची सुट्टी अडली होती.

"मावशी, आईला सांग, रविवारी पक्का येतो," तो म्हणाला. "मी आल्याशिवाय लावू नको म्हणावं."

मी सांगते म्हणाले. मोबाइलमधलं शनिवारचं वादळ मला आठवलंही, आणि मी ते त्याला सांगितलंही. त्यानं नदीपलीकडच्या धुरकट आभाळाकडे पाहिलं. मोबाइल रोजच काहीतरी दाखवतो, असं त्याचं उत्तर होतं.

बारवीच्या रस्त्यावर

बदलापूर स्टेशनबाहेर उंच इमारतींच्या रांगा आहेत. रिक्षा पुढे जाते तशा त्या विरळ होतात, मग फार्महाउसांची कुंपणं लागतात, आणि मग एका वळणानंतर सगळं मागे पडून डोंगर पुढ्यात येतो. त्या संध्याकाळी डोंगर होता असं केवळ समजायचं. धुरकट दमट हवेत त्याची नुसती करडी सावली दिसत होती. उतारावर मात्र ठिकठिकाणी चौकोनी काळे डाग होते. लोकांचे राब लावून झाले होते. शकूताईच्या घरासमोरचा एकच तुकडा तपकिरी होता.

ती दारातच उभी होती. पूर्वीपेक्षा वाळली आहे, पण पाठ ताठ. मला धरून ती थोडं रडली, साडीवरून हात फिरवला आणि लगेच जेवायला वाढायला घेतलं. तांदळाची भाकरी, सुकटीत टाकलेली कैरी, आणि ताटाच्या कडेला मीठ. आमच्या ज्वारीच्या भाकरीला दातांशी भांडायची सवय. ही तांदळाची भाकरी जिभेवरच विरते, आणि कैरीचा आंबटपणा सुकटीच्या खारेपणात मुरून एक तिसरीच चव होते. दाजींना ही भाजी फार आवडायची.

दिनेशचा निरोप मी शब्दशः सांगितला. तिचा चेहरा उजळला. तो लावतो म्हणतोय, हेच तिला पुरेसं होतं.

शुक्रवारी सकाळी शेजारचे बाळाराम नाना बांधावरून डोकावले. दाजींचे लहानपणापासूनचे सोबती. त्यांचा राब आठवड्यापूर्वीच काळा झाला होता. त्यांनी आमच्या तपकिरी तुकड्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि तंबाखू मळत म्हणाले, "काय वहिनी, लेकाची वाट बगताव का पावसाची?"

"लेकाचीच बघते, नाना. तुमच्यासारखी घाई नाही मला."

नाना खळाळून हसले. पण जाताना वळून परत एकदा आभाळाकडे पाहिल्याशिवाय गेले नाहीत.

शनिवारी दुपारी हवा थांबली. झाडाचं पान हलेना, कोंबड्या चोच उघडी टाकून सावलीत बसल्या, आणि पूर्वेला डोंगराच्या मागून जांभळट काळं काहीतरी वर चढू लागलं. शकूताई स्वयंपाकघरात गेली, कोनाड्यातली काडेपेटी घेऊन दारापर्यंत आली. मी तिच्या मागे होते. तिनं राबाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, जिथून दुसऱ्या दिवशी मुलगा येणार होता. काडेपेटी मुठीत आवळून ती बराच वेळ तशीच उभी राहिली आणि मग आत जाऊन तिनं ती कोनाड्यात परत ठेवली. त्या वेळी लावली असती तर वादळाच्या वाऱ्यानं आग गावावर नेली असती, असं मी आज स्वतःला समजावते. शुक्रवारी लावली असती तर मात्र काहीच बिघडलं नसतं.

पहिला झोत पूर्वेकडून आला. इथे उन्हाळाभर वारा खाडीकडून, पश्चिमेकडून येतो. त्या एका क्षणात तो पाठ फिरवून उलटा झाला. धूळ उठली, आणि धुळीबरोबर उतारावरच्या सगळ्या काळ्या चौकोनांतली राख उठली. दिवसाढवळ्या अंधारलं. ती राख आमच्या केसांत, दातांत, पाण्याच्या हंड्यात आली. आम्ही दोघी ताडपत्री घेऊन राबावर धावलो. तिच्या दोन कोपऱ्यांवर दगड ठेवले, तिसऱ्यावर शकूताई बसली, चौथा माझ्या हातात होता. वाऱ्यानं तो माझ्या बोटांतून असा काढून घेतला, जसा एखादा मोठा माणूस लहान मुलाच्या हातातली वस्तू काढून घेतो. ताडपत्री उडाली आणि बांधावरच्या जांभळीच्या झाडात अडकून फडफडू लागली. हिरवी, कच्ची जांभळं तुटलेल्या माळेतल्या मण्यांसारखी सगळीकडे ओघळली.

मग वीज. डोंगराच्या माथ्यावर उभी, फांद्या फुटलेली, इतकी जवळ की आवाज आणि उजेड वेगळे काढता आले नाहीत. पाठोपाठ पाऊस. थेंब नव्हे, गार, जाड दोर. ओसरीत उभ्या राहून आम्ही पाहत होतो. वरचा मातीचा थर आधी काळा पडला, मग वाहू लागला. पातेरा उघडा पडला, भिजला, खाली बसला. फुगलेला राब हळूहळू सपाट होत गेला. मातीचा वास आला, तोच, ज्यावर मी इतकं बोलत आले. पहिल्यांदाच मला तो नकोसा झाला.

उघडा डोंगर

रविवारी सकाळी जाग आली ती ओठ फुटल्यामुळे. हवा बदलली होती. उत्तरेकडून एक पातळ, गार, कोरडी झुळूक सतत येत होती. उशी कोरडी होती, अंगाची चिकचिक गेली होती, दोरीवरचं लुगडं चहा होईतो वाळलं. दाराबाहेर आले आणि थबकले. धुरकटपणाचा पडदा कुणीतरी काढून घडी करून ठेवला होता. मलंगगडाचे सुळके, चंदेरीचा टोकदार माथा, माथेरानची लांबच लांब सपाट कड, सगळं हाताच्या अंतरावर. डोंगरावरची झाडं एकेक मोजता यावीत इतकी नितळ हवा. माझ्याच गावची हवा जणू माझ्या मागोमाग घाट उतरून आली होती.

दिनेश आला तो याच उजेडात. बांधावर उभा राहून त्यानं भिजून चिखल झालेला राब पाहिला. पायानं एक डहाळी उलटली, खालचं शेण पाण्यानं पातळ झालेलं. नाना तिकडून येऊन म्हणाले, त्यांची अर्धी राख वहिनींच्या अंगणात आली आहे, ती मोजून परत द्यावी. दिनेश हसला नाही. यंदा युरिया टाकून भागवू, नाहीतर कुणाकडून तरी रोपं घेऊ, असं तो आईला म्हणाला. जेवताना तो खाली मान घालून जेवला. संध्याकाळी पाळी असल्यानं ऊन उतरताच निघाला. जाताना मागे वळून पाहिलं ते डोंगराकडे की राबाकडे, मला सांगता येणार नाही.

तो गेल्यावर शकूताई ओसरीत बसून होती. मग एकाएकी उठली, राबाच्या कडेचं मूठभर गवत उपटून कुस्करून पाहिलं. ते वाळत होतं. "ही तुमच्याकडची हवा," ती माझ्याकडे पाहून म्हणाली. "कुंदे, तू घेऊन आलीस."

मी आल्यापासून ती तेव्हा पहिल्यांदा हसली.

सोमवार सगळा उलटापालट करण्यात गेला. लांब दांड्याच्या आकडीनं ती ओला पातेरा वर ओढायची, मी तो दोन्ही हातांनी पसरायची. डहाळ्या उभ्या करून, एकमेकींना टेकवून ठेवल्या म्हणजे मधून वारा जाईल. गवत बांधावर टाकलं, दुपारी उलटलं, पुन्हा उलटलं. सागाची पानं ओली असताना मुकी होती. दुपारनंतर ती बोलू लागली, आधी कुजबुज, मग चरचर. कॅम्पातल्या त्या गच्चीवर याच वेळी खाटांवर पापड पसरले असतील, हे माझ्या मनात येऊन गेलं. संध्याकाळी आम्ही थर पुन्हा रचले. एकच कोपरा दाद देईना. जांभळीच्या सावलीत होता, तिथे पाणी साचलेलं, आणि ऊन पोचत नव्हतं.

शकूताईनं दिनेशला फोन लावला. बंद होता. कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, फाटकावर ठेवून जावा लागतो. रात्री परत लावला, तेव्हाही बंद. इतक्यात नाना आले, तोंड वर करून हवा हुंगली आणि यावेळी मस्करी केली नाही. "उद्या दुपारच्याला खाडीचा वारा फिरंल," ते म्हणाले. "मंग परत दमट. लावायचा तं सकाळीच लावा, वहिनी."

मंगळवार

सकाळी तिनं पुन्हा फोन लावला, तो लागला नाही. फोन घरातच चार्जिंगला लावून ती काडेपेटी घेऊन बाहेर आली. उत्तरेचा वारा अजून होता, पण त्याची धार बोथट झाली होती. तिनं राबाच्या दक्षिणेकडच्या टोकाशी बसून काडी ओढली. काडीकडे पाहून म्हणाली, की बाबांच्या कारखान्यातल्या काड्या एका ओढीत पेटायच्या, ही दुसऱ्या ओढीत पेटली.

दाजींनी जे पाहायला मला बोलावलं होतं ते मी पाहिलं. ज्वाळा नसतेच जवळजवळ. मातीच्या थराखालून एक तांबडी किनार वाऱ्याकडे तोंड करून सरकते, एखादं पान कडेवर येऊन वळतं, पारदर्शक होतं, शिरा सोन्याच्या दिसतात आणि मग ते नसतं. धूर निळसर, जड, सागाच्या तेलकट वासाचा. मागे मऊ, करडी, श्वास घेणारी राख. शकूताई आकडी घेऊन आगीबरोबर चालत होती, कुठे धावू लागली तर माती टाकून तिला थोपवत होती. ती दाजींसारखीच थोडी डावीकडे वाकून चालत होती. मला हे दाजींच्या शेजारी उभं राहून पाहायचं होतं. ते आता कधीच होणार नाही, हे मला तिथे, त्या धुरात, पुरतं कळलं.

जांभळीखालचा कोपरा पेटला नाही. आग त्याच्या कडेपर्यंत आली, फुसफुसली आणि मेली. राहू दे तो, म्हणून ती थकून बांधावर बसली.

आणि मोटारसायकल आली.

दिनेश उतरला. चेहरा जागरणानं सुजलेला, हातात पिशवी, पिशवीत नारळ. त्यानं राखेकडे पाहिलं. नारळ तसाच हातात धरून तो बांधावर आला.

"लावलीस?"

"हवा फिरणार होती."

"हवा कोरडी झालेली बघून दुसऱ्याची रात्रपाळी करून सुट्टी घेतली. सुटल्या सुटल्या फोन केला तुला." त्यानं वाकून राखेवर तळहात ठेवला. ती अजून ऊन होती. "एवढे दिवस थांबलीस, आई. अजून घटकाभर..."

शकूताई त्याच्याकडे बघत नव्हती. ती काळ्या जमिनीकडे पाहत होती.

"थांबले तेव्हा पाऊस आला," ती म्हणाली. "नाही थांबले तेव्हा तू आलास."

मग दिनेश उठला आणि जांभळीखालच्या त्या ओल्या कोपऱ्याकडे गेला. तिथल्या दगडावर त्यानं नारळ फोडला, पाणी मातीत सोडलं, हात जोडले. आईकडे हात पुढे केला. तिनं काडेपेटी दिली. त्यानं एक काडी लावली, दुसरी लावली, वाकून फुंकर घातली. वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट तो विसरला नव्हता. आधी मूठभर माती हवेत सोडून त्यानं वारा पाहिला होता. माती पूर्वेकडे उडाली. वारा फिरला होता, तो खाडीकडून येत होता, आणि त्यात पाणी होतं. शकूताई उठली, घरातून कोरड्या पेंढ्याची मूठ आणि एक फाटकं सूप घेऊन आली. तो फुंकत राहिला, ती सुपानं वारा घालत राहिली. दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं धुरामुळे किती ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी काही न करता उभी होते. करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

धूर खूप झाला. जाळ झाला नाही.

नारळाचं खोबरं आम्ही तिघांनी बांधावर बसून खाल्लं. एक तुकडा नानांकडे पाठवला. चंदेरीचा सुळका संध्याकाळपर्यंत पुन्हा करडा होत गेला, मग दिसेनासा झाला.

मी बुधवारी निघाले. सोलापुरात उतरले तेव्हा तीच कोरडी हवा स्टेशनवर उभी होती, इथली, रोजची, जिच्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. तिच्या भरवशावर घाटाखाली एक बाई दोन दिवस मरमर राबली होती, आणि तेवढी हवाही तिला पुरी पडली नव्हती.

परवा शकूताईचा फोन आला. लावणी सुरू आहे. रोपं काळीभोर हिरवी आली आहेत, तेवढा जांभळीखालचा कोपरा सोडून. तिथली पिवळी आहेत, बारीक. दिनेश सुट्टी टाकून आला आहे. ती रोपं टाकून दे, चांगली भरपूर आहेत, असं तिनं त्याला सांगून पाहिलं.

"ऐकत नाही," ती म्हणाली. "घराजवळच्या खाचरात पहिली तीच लावतोय."

"मग?"

"मग काय. मी जुड्या बांधून पुढे करतेय."